उष्टी ओवी

दुष्काळाच्या त्या वर्षी माझ्याजवळ दोन वह्या होत्या. पहिलीत केजजवळच्या आमच्या सहकारी दूध संस्थेत येणाऱ्या दुधाचं फॅट मी रोज नोंदवत असे. रसायनशास्त्राच्या पदवीनंतर मिळालेलं ते माझं पहिलं काम. दुसरीत इंग्रजी शब्द होते: इम्प्रोव्हायझेशन, स्पॉन्टेनियस, ऑडियन्स, रिहर्सल. कलेविषयी इंग्रजीत लिहायचं तर हे शब्द लागतात, आणि मला लिहायचं होतं ते आत्याविषयी.

संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. आमच्या वस्तीची दावण सगळ्यात शेवटी होती आणि तिथे आत्या आपल्या काळ्या गाईजवळ दिवस काढत होती. टँकरची वाट पाहताना बायका ओव्या म्हणत. त्यांचा एक दंडक होता: समोर दिसेल त्यावर ओवी रचायची आणि एकदा म्हटलेली पुन्हा म्हणायची नाही. तशी ओवी उष्टी. कुणी जुनी ओळ घेतली की टोमणा ठरलेला, "हे काल जेवलोत की आमी! आज परत कावून वाढतीस?" आत्याला हा टोमणा कुणी मारल्याचं मला आठवत नाही.

पुण्याच्या एका कलासंस्थेची माणसं उत्स्फूर्त गाणाऱ्या बायका शोधत आमच्याकडे येणार होती. निवडलेल्या बाईचा आवाज टेपवर भरून जतन केला जाणार होता. अर्ज इंग्रजीत होता. मी आत्याला विचारलं, तेव्हा ती कडब्याच्या पेंढीची गाठ सोडत होती.

"माझ्या आईची एकबी ओवी मला याद न्हाई," ती म्हणाली. "आवाज तेवढा याद हाय. मी गेले की तोबी गेला. माझा तरी ऱ्हाईल का गं?"

तिला मूलबाळ नव्हतं. "राहील," मी म्हणाले.

अर्ज मी उत्तम लिहिला. चूक त्यानंतर केली. प्रयोग पुन्हा केल्यावर तोच निष्कर्ष आला तरच तो ग्राह्य, ही माझी शिस्त. परीक्षकांसमोर तिला ऐनवेळी काही सुचलं नाही तर? एका दुपारी टँकर आला तेव्हा तिनं म्हटलेल्या आठ ओळी मी उतरवून घेतल्या आणि दहा दिवस तिच्याकडून घोकून घेतल्या.

"पाव्हण्याला उष्टं वाढायला लावतीस व्हय?"

"त्यांनी कुठे ऐकलंय आत्या? त्यांच्यासाठी ताजंच."

"तू शिकलेली. म्हणतीस तर म्हणते."

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी काळी गाय बसली ती उठली नाही. दुपारी तिला ओढून नेलं तेव्हा मी तिथेच होते. संध्याकाळी आत्याला मी एवढंच विचारलं, "उद्या म्हणशील ना?" तिनं मान हलवली. ओळी बदलाव्यात असं माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक बाई आणि एक गृहस्थ आले. आत्यानं त्यांना जयभीम घातला आणि ती टेपसमोर बसली.

आला आला टँकर बाई, फुफाटा त्याच्या मागं
काळी माझी गाय उठं, कान टवकारून बघं

दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली. समोर रिकामा खुंटा होता. पाहुण्या बाईंना मराठी समजत होतं, पण पुढे चालू ठेवायला त्यांनी इंग्रजीतच सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं.

"पुढं काय घेऊ?" आत्या म्हणाली. "ती न्हाई की आता."

मी हळूच तिसरी ओळ पुरवली. तिनं उरलेल्या सहाही ओळी म्हटल्या, पाढे म्हणावेत तशा. गृहस्थांनी टेप बंद केला.

महिन्याभरानं पत्र आलं. सादरीकरण घोकलेलं वाटलं, त्यात उत्स्फूर्तता नव्हती, असा त्याचा आशय होता. त्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द माझ्या वहीत अर्थासह होता. सौम्य करून सांगणं शक्य होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर लिव्हलंय त्यांनी," आत्या म्हणाली. "पुण्याच्या मानसाला कळलं. तुला न्हाई कळलं."

"तिला काय कळतंय उष्टं न् ताजं?" दावणीतली शेजारीण म्हणाली. "फॅट बघ म्हनावं दुधातलं!" बायका हसल्या. आत्या हसली नाही. शेजारणीच्या जनावरांना वैरण घालायला ती अजून छावणीत येत होती, पण त्या दिवसापासून गात नव्हती.

दूध संस्थेच्या कार्यालयात सकाळी गाणी लावायला एक टेप होता. तो मी मागून घेतला, केजहून आणलेली कोरी कॅसेट त्यात घातली आणि तो दावणीच्या टोकाला दगडावर ठेवला.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"काही म्हणू नकोस. नुसतं राहू दे इथं."

"ऱ्हाऊ दे मग."

मी बटण दाबलं आणि दूध तपासायला निघून गेले. पुढेही रोज तसंच केलं. तीन दिवस नुसतं हंबरणं आणि बादल्यांचा आवाज भरला गेला. चौथ्या दिवशी टँकरच्या घरघरीआड एक ओवी आहे. तिचे शब्द लागत नाहीत, आणि ते मी आत्याला कधी विचारले नाहीत. आवाज तिचा आहे.