वर्षातून सात दिवसांचं घर

कोल्हापुरातून निघताना अक्काच्या पर्समध्ये बँकेचा ड्राफ्ट होता आणि माझ्या पोटात एक भूत होतं. ड्राफ्ट खरा होता. भूत मी आठवडाभर खपून रचलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गडमुडशिंगीच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत तिचा जन्म गेला आणि आम्ही निघालो त्याच वर्षी ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आधी आईबाबांच्या घरात राहिली, मग शाळेजवळ भाड्याच्या खोलीत, मग आमच्याकडे. तिच्या नावाची पाटी कुठल्याच दारावर कधी लागली नाही. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा ती मला म्हणाली, "बंड्या, मलाबी तुझ्यासारखंच घर घ्यायचं. वर्षातून सात दिवसांचं."

हे माझंच पाप होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी आम्हा दुकानदार नवरा-बायकोला एका हॉटेलात फुकट जेवायला बोलावलं. आइस्क्रीम येईपर्यंत एका टायवाल्या तरुणाने मला टाइमशेअर विकला होता. रत्नागिरी रस्त्याला मलकापूर सोडून पुढे जंगलात एक रिसॉर्ट, त्यातली सात नंबरची खोली, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पुढची तेहतीस वर्षं. दर आठवड्याला मालक वेगळा, म्हणजे एका खोलीला वर्षात पन्नासएक धनी. पहिल्या वर्षी मजा आली. दुसऱ्या वर्षी "याच्या बदल्यात गोवा द्या" म्हटलं, तर गोवा भरलेला. तिसऱ्या वर्षीही भरलेला. आपण जावो न जावो, देखभालीचं बिल मात्र न चुकता घरी येई. विकायला काढला तर घेणारा मिळेना.

पण हे मी कुणाला सांगितलं नाही. हसून फसलेला माणूस नाक कापून घेईल, पण फसलो म्हणणार नाही. उलट प्रत्येक लग्नात, बारशात, पंगतीत मी त्या रिसॉर्टची अशी वर्णनं केली, की ऐकणाऱ्याच्या ताटातली जिलेबी तशीच राहावी. अक्का ती ऐकत होती. आता दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तोच टायवाला रिसॉर्टवर येऊन तिची सही घेणार होता. खरं बोलायची छाती नव्हती, म्हणून मी भुताची मदत घ्यायचं ठरवलं.

शाहूवाडीच्या अलीकडेच धुकं लागलं आणि गाडीचा वायपर बंद पडला. अक्काने खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं आणि पदराने काच पुसत मला वाट दाखवायला लागली. सातवीच्या पोरांना तोंड देत आयुष्य काढलेली बाई, तिला काच पुसायचं काय एवढं! मी मुहूर्त साधला.

"अक्का, सांगणार नव्हतो. पण त्या सात नंबरात एक बाई दिसते म्हणतात. पांढरं लुगडं, केस मोकळे..."

"पायाची बोटं उलटी?"

"व्हय."

"चौथीत असल्यापासनं हीच बाई सांगतोयस. जरा लुगडं तरी बदल तिचं."

भूत शाहूवाडीलाच वारलं.

मलकापुरात चहाला थांबलो. गरम कांदाभजी समोर ठेवत हॉटेलवाल्याने विचारलं, "पावणं, ह्या धुक्यात कुठं निघालासा?"

"आमच्या घरी," मी जरा ऐटीत म्हटलं आणि जागेची खूण सांगितली.

तो कढईतला झारा थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "तिकडं घर कुणाचं हाय? तिकडं नुसत्या खोल्या हायत की."

त्याचं बोलणं मी हसण्यावारी नेलं.

रिसॉर्टच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वीज गेलेली. धुक्यात झाडं दिसत नव्हती, छपरं दिसत नव्हती. दिसत होते फक्त दिवे. रांगेने दहा खोल्या आणि प्रत्येक उघड्या दारात एकेक कंदील. मला बरं वाटलं. म्हटलं, वा, यंदा गर्दी आहे. अक्काला म्हणालो, "बघ, सगळे मालक आलेत."

पहिल्या दारावरून जाताना मी आत डोकावून "नमस्कार!" म्हटलं. आत कोणी नव्हतं. पलंगावर धुतलेली चादर, दोन उशा, पाण्याचा तांब्या भरून वर फुलपात्र झाकलेलं. दारात कोणाचंच पायताण नव्हतं. दुसऱ्या खोलीत तसंच. तिसऱ्या खोलीत तसंच. चौथ्या दारात मी नमस्कार केला नाही.

धुक्यातून एक माणूस कंदील घेऊन आला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो सांगण्यासारखा नाही. ते कांबळे होते. रिसॉर्टची सगळी देखरेख एकट्याने करणारे, जवळच्या वस्तीतले, साठीचे. मला दरवर्षी ओळखणारा तिथला एवढाच जिवंत माणूस.

"आलासा? बरं झालं. ह्या आठवड्यात तुमीच पयलं."

"मग या खोल्या कुणासाठी उघडल्यात?" अक्काने विचारलं.

"ज्येचा आठवडा त्येच्यासाठी. कंपनीचा नियम हाय, ताई. सोमवारी धन्याच्या नावानं दार उघडायचं, हातरुण घालायचं, पाणी भरायचं, दिवा लावायचा. आला तर आला. न्हाय आला तर पुढच्या सोमवारी पाणी वतून टाकायचं, आनि दुसऱ्याच्या नावानं भरायचं."

"येत नाहीत बरेच?"

"ह्या खोलीचं ह्या आठवड्याचं धनी मी अजून बघितल्यालंच न्हाईत." त्यांनी चौथ्या दाराकडे कंदील केला. "चार वर्सं झाली, पानी भरतुय."

आतल्या तांब्यावर कंदिलाचा उजेड हलला. मी अक्काचा हात धरला. तिला भिववायला आणलं होतं, हे तोवर विसरलो होतो.

कांबळ्यांच्या घरून जेवण आलं. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी (पावसाळ्यात उगवणारी रानभाजी) आणि असा खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची), की भीतीने आलेला घाम आणि मिरचीने आलेला घाम यांत फरक करता येईना. सात नंबराला ताज्या चुन्याचा वास होता. टेबलाच्या खणात कुणाचा तरी अर्धा तुटलेला कंगवा होता, त्यात लांब केस. खोकल्याच्या औषधाची निम्मी बाटली. एकच लहान मोजा. पाच वर्षांत माझ्या खोलीच्या दुसऱ्या एकाही मालकाचं तोंड मी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे त्याच उशीवर डोकं ठेवत होतो, एकामागून एक, आणि एकमेकांना कधी दिसत नव्हतो. मी कूस भिंतीकडे केली आणि पहाटेपर्यंत तशीच ठेवली.

सकाळी अक्काने पडदा ओढला आणि मी पलंगावरून खाली पडलो.

समोरच्या भिंतीवर हात होते. रक्तासारखे लाल. एक-दोन नव्हे, कमरेपासून डोक्यापर्यंत, एकावर एक, पाची बोटं फाकलेली. मोठे, मध्यम, आणि अगदी खाली बचकभर पोराचे. जणू भिंतीच्या आत माणसं कोंडली होती आणि बाहेर यायला धडपडत होती.

"अक्का, चल," मी म्हटलं. "सामान राहू दे. चल."

अक्का उठली. भिंतीपाशी गेली. एका हातावर नख घासलं, बोट हुंगलं आणि वर्गात फळ्यापुढे उभी राहायची तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हळदीवर चुना पडला की काय होतं, बंड्या?"

"अं?"

"लाल होतं. सातवीचा पहिला प्रयोग. गाढवा, ही हळद आहे."

तिने कांबळ्यांना हाक मारली. ते दारातून भिंतीकडे बघून म्हणाले, "ह्ये आता वर आलं व्हय! दरसाल कंपनी रंगाचं डबं पाठवायची. औंदा डबं आलं न्हाईत. म्हनून मी जुना रंग खरवडून काढला आन चुना मारला."

"पण हे हात कुणाचे?"

"मालकांचे की. पैल्यांदा येत्यात, दूध उतू घालत्यात, भितीला हळदीचं हात मारत्यात. घरभरणी. परत्येकाला वाटतंय, घर आपलंच. म्या कशाला सांगू, तुमच्या आधी लई जनांनी केली म्हनून? माणसं गेली की वर रंग मारायचा."

आता माझ्याही लक्षात आलं. पहिल्या वर्षी माझ्या बायकोने याच भिंतीवर हौसेने हात उमटवला होता. मी तिच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी भिंतीजवळ जाऊन तिचा हात शोधायला लागलो. पंचवीस वर्षांचा संसार, रोज त्या हातचं खातो. खूप शोधला. मला तिचा हात ओळखता आला नाही.

भुताची बाई रचून मी जे साधणार होतो, त्याहून कितीतरी भयंकर काहीतरी त्या भिंतीवर होतं. अंघोळ करून, इस्त्रीचं पातळ नेसून, पर्स मांडीवर घेऊन अक्का मात्र व्हरांड्यात टायवाल्याची वाट बघत बसली. पर्सच्या चेनवरचा तिचा अंगठा हलत होता. उघडायची का नाही, तेवढंच.

टायवाला अकराला आला. पाच वर्षांत त्याचं पोट सुटलं होतं, टाय तोच होता. "मॅडम, स्वतःच्या घरात स्वागत!" म्हणत त्याने कागद पसरले आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. मी घसा खाकरला. पाच वर्षांच्या बढाया घशात आडव्या आल्या होत्या.

"माझी एक पुस्तकांची ट्रंक आहे," अक्का म्हणाली. "ती इथं ठेवता येईल?"

"आपल्या आठवड्यात जरूर, मॅडम. निघताना मात्र न्यावी लागेल. खोली सोमवारी सकाळी दहाला सोडायची असते."

"दारात कढीपत्ता लावला तर?"

"झाडं कंपनीची असतात."

"आणि एखाद्या वर्षी मला नाही जमलं यायला?"

इथे तो खुलला. हे त्याचं हुकमी वाक्य असावं. "तरी खोली तुमचीच, मॅडम! तुम्ही या, न या. तुमच्या नावानं दार उघडलं जाईल, पाणी भरलं जाईल, दिवा लागेल. दरवर्षी, ठरल्या आठवड्यात. तुमच्या पश्चातसुद्धा."

अक्काने पेन खाली ठेवलं.

"आज कोणता पक्ष चालू आहे, माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. मला होतं. पितृपक्ष चालू होता. चारच दिवसांपूर्वी घरी बाबांचा म्हाळ (पितरांना घालायचं वार्षिक जेवण) झाला होता. पान वाढलं, पाणी ठेवलं, दिवा लावला, आणि हात जोडून त्यांना परत पाठवलं.

"हे मला मेल्यावर मिळणारच आहे हो," अक्का अगदी शांतपणे म्हणाली. "हा बंड्या वर्षातून एकदा माझ्या नावानं पाणी भरेल, दिवा लावेल आणि जेवण झालं की जा म्हणेल. मेलेल्याला तेवढं पुरतं. मी अजून जिती हाय. मला रोज राहायचंय."

टायवाल्याने पेनाला टोपण लावलं. दाराशी उभे असलेले कांबळे हळूच म्हणाले, "आमी बौद्ध मान्सं, ताई. आमच्यात म्हाळ न्हाय. पर ह्यो दहा खोल्यांचा मी चार वर्सं घालतुय, ह्ये आज कळलं."

त्याच दुपारी आम्ही निघालो. सात दिवसांतले सहा शिल्लक ठेवून. घाट मागे पडल्यावर मी अक्काला सगळं सांगितलं. गोवा, बिल, न मिळणारं गिऱ्हाईक आणि पांढऱ्या लुगड्यामागचा खरा हेतू. मला वाटलं, बोलेल. ती म्हणाली, "गाढवा, सरळ सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं. म्हणाले असते, स्वतःचं झालं, आता मी घेतलेलं बघवत नाही."

तेव्हापासून लोक विचारतात, टाइमशेअर घ्यावा का? मी जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती आहे. आमच्यासारखी दुकानाला चिकटलेली माणसं त्याच्या धाकाने का होईना, वर्षातून एकदा कुलूप लावून बाहेर पडतात. खोली स्वच्छ असते, पाणी भरलेलं असतं, आणि घाटातलं धुकं खोटं नाही. ज्याला आधीच घर आहे आणि सुट्टी हवी आहे, त्याने नीट वाचून, फुकटचं जेवण न जेवता, खुशाल विचार करावा. पण ज्याला घर हवं आहे, त्याने सुट्टी विकत घेऊ नये. माझा आठवडा अजून माझ्याकडे आहे, माझ्यामागे तो मुलाच्या गळ्यात पडेल. कांबळे माझ्या नावाने दिवा लावत असतील. त्या आठवड्यात मला जरा थंडी वाजते, एवढंच.

अक्काने उचगावात दोन खोल्या घेतल्या. पत्र्याचं छप्पर, समोर रस्त्याची धूळ, बघण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने चहा केला. पिऊन झाल्यावर मी सवयीने कपबश्या उचलून मोरीकडे निघालो.

"राहू दे रे," पाय पसरून बसत अक्का म्हणाली. "उद्या घासीन."