डॉक्टरीणबाईचे संवाद

समजा, तुम्हाला मालिकेसाठी एक डॉक्टरीण लिहायची आहे आणि ती तुमच्या गावच्या बोलीतच बोलायला हवी. सिहोऱ्याच्या दामिनीताईंनी ती लिहिली. त्या मुंबईतल्या नावाजलेल्या पटकथालेखिका. तिथला फ्लॅट, गाडी, गावातलं आईचं पक्कं घर, सगळं लेखनातून आलेलं. तरी वाहिनीचा साहेब म्हणाला, "डॉक्टर अशी बोलते? हे संवाद मोलकरणीला द्या, लोक पोट धरून हसतील." ताईंनी साफ नकार दिला, तर त्याने दुसऱ्याकडून तसे बदल करून घेतले. वर लेखिका म्हणून नाव ताईंचंच ठेवलं.

सिहोऱ्यात त्यांच्या आई कुंताबाई तो भाग पाहत होत्या. शेजारची रीता खिदळली, "मोठीमाय, थे मोलकरीण तं तुमच्यावानीच बोलून राह्यली!"

कुंताबाईंनी लगेच लेकीला फोन लावला. "कावं, मायच्या बोलीवर लोकायले हासवून पैसे कमावून राह्यली का तू?"

ताईंनी त्याच दिवशी मालिका सोडली. बुडालेल्या पैशाचं त्यांना काही वाटत नाही. सोडताना साहेबाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना अजून हवं आहे: आमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी कसं बोलावं, म्हणजे तुम्हाला हसू येणार नाही?