कडेने धरलेलं तिकीट

आणीबाणी संपल्यानंतरची ती वर्षं. नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या एसटीत एक मास्तर रोज माझ्या शेजारी बसायचे. तिकीट बोटांच्या टोकांनी, फक्त कडेने धरायचे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय हो. पूर्वी प्रयोगशाळेत होतो. धातूच्या ऑक्साइडचे स्फटिक. वरच्या थरातले अणू कसे बसलेत ते शोधायचं. बोट लागलं की सगळं वाया."

मध्ये काही दिवस ते दिसले नाहीत. आले ते मुंडण केलेले. बायको गेली होती. तो विषय टाळून मी स्फटिकांचंच विचारलं.

"आतल्या अणूला चहूकडून शेजार असतो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वरच्याची एक बाजू उघडी पडते. मग तो जागेवर राहत नाही, सरकतो."

कंडक्टरने तिकीट दिलं. ते त्यांनी मुठीत चुरगळलं आणि त्र्यंबक येईपर्यंत मूठ उघडली नाही.