मुका ट्रम्पेट

त्या प्रकरणाचा नुसता विषय निघाला तरी अजून माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. एका माणसाला दुखतंय की नाही, एवढंच ठरवायचं होतं. ते ठरवताना आमच्या अख्ख्या यंत्रणेची अक्कल उघडी पडली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. तिथल्या पाचूबंदरचा एक माणूस लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वाळूच्या ट्रकने त्याची सायकल उडवली, बरगड्या मोडल्या. हाडं जुळली, पण खोल श्वास घेतला की कळ मारायची. ट्रम्पेट सुटला. त्याने मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागितली. ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं असं, की एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसतंय, मग दुखेल कसं? वा रे न्याय! कळ फोटोत उतरली नाही, तर कळच नाही!

एके दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "तो बरगडीवाला लग्नात मस्त ट्रम्पेट वाजवतोय. तुम्ही झोपलात काय?" दुसऱ्याच दिवशी विमा कंपनीचा तपासनीस एक व्हिडिओ कॅसेट आणि फसवणुकीचा तक्रार अर्ज घेऊन हजर. फोनवरचा आवाज याचाच, हे फोन घेणाऱ्या आमच्या ठाणे अंमलदाराने तिथल्या तिथे ओळखलं. पण अर्ज तो अर्ज. चौकशी माझ्याकडे आली. त्यात तथ्य निघालं असतं तर दावा बुडालाच असता, वर त्या माणसाला बेड्या पडल्या असत्या.

कॅसेट गिरीज गावातल्या एका लग्नाची, नवरीच्या घरून मागून आणलेली. चर्चबाहेर लाल युनिफॉर्ममधला बँड, दुसऱ्या रांगेत आमचा गडी. ट्रम्पेट ओठांना, बोटं त्याच्या बटणांवर. आवाजाची बोंब, कारण व्हिडिओवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवली होती.

"आणखी काय पुरावा पाहिजे, साहेब?" तपासनीस खुर्चीत रेलला.

मी त्या माणसाला बोलावलं.

"वाजवतोस?"

"नाय, सायेब."

"मग हे कोण? तुझा जुळा भाऊ?"

"मीच हाय. नुसता उभा ऱ्हातो."

"ट्रम्पेट तोंडाला लावून? का?"

मी आवाज चढवला, समजावलं, चहा पाजला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मास्तरला इचारा."

बँड मास्तर आला आणि घडाघडा बोलला. "आपल्या बँडमदी सगले वाजवतात, सायेब. येकदम फर्स्टक्लास!" मी कपाळाला हात लावला. हा बाबा स्वतःच्याच माणसाला तुरुंगात घालत होता! कशासाठी?

मी कॅसेट पुन्हा लावली आणि त्या चेहऱ्यावर थांबवली. शेजारच्या वादकाचे गाल पावासारखे टम्म फुगलेले. याचे मात्र बसलेले.

"मास्तर, जरा नीट बघा. हा ट्रम्पेट वाजवतोय की त्याचा मुका घेतोय?"

हवालदार खो खो हसला. मास्तरच्या चेहऱ्याचा मात्र रंग उडाला.

"सायेब... मुक्याचं तुमाला कोनी सांगितलां?"

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आपली थट्टा केली होती. पण पोलिसाने अशा वेळी तोंड मिटून बसायचं असतं. मी बसलो. मास्तर आपोआप मोकळा झाला.

लोक बँड ठरवतात ते माणसं मोजून. बारा सांगितले की बारा उभे दिसले पाहिजेत. एखादा कमी पडला की कुणालाही युनिफॉर्म चढवून, हातात वाद्य देऊन रांगेत उभं करायचं. त्याने फुंकायचं नाही. असा माणूस त्यांच्या भाषेत 'मुका'.

"याचं घर चालावं म्हनून उभा केला, सायेब. पन गिऱ्हाइकाला कललां तर माजा बँड बसल."

"ऱ्हाव द्या, मास्तर," कोपऱ्यात बसलेला तो माणूस म्हणाला. "माज्यापायी तुमी बुडू नका."

मास्तरने त्याला एक सणसणीत शिवी दिली. मग मला म्हणाला, "घ्या जबाब." कागदावर त्याने अशी सही केली, की वाटलं पेन मोडेल.

अर्जात तथ्य नाही असा अहवाल मी दिला. मास्तरची भीतीही खरी ठरली. कॅसेट परत न्यायला आलेल्या नवरीच्या बापाला कुणीतरी सगळं सांगितलं आणि तो माझ्याच टेबलावर हात आपटायला लागला. "बाराची बोली होती, साहेब, अकराच वाजले! गुन्हा दाखल करा!" त्याला मी बाहेरचा रस्ता दाखवला.

दाव्याच्या सुनावणीत माझी साक्ष झाली. मग कंपनीचा वकील त्या माणसाकडे वळला.

"दुखतं, दुखतं म्हणता. किती दुखतं? नक्की सांगा."

सांगा म्हणे! कळ काय तराजूत घालून आणायची? माझा संताप होत होता. तो माणूस सरळ वकिलाकडे बघत म्हणाला,

"वाजवत नाय, तेवढां दुखतं."

न्यायाधीशांनी वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. निकालात 'वेदना व यातना' या सदराखाली त्याला भरपाई मिळाली.

माझी चीड मात्र गेली नाही. एका माणसाचं दुखणं खरं ठरवायला दुसऱ्याला आपलं लबाडपण कबूल करावं लागतं, ही कसली पद्धत? वर्दी उतरवली, तरी अपघातात सापडलेली माणसं अजून माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांना मी 'कुठं दुखतं' असं विचारतच नाही. 'आधी काय करायचात जे आता करत नाही?' एवढंच विचारतो, आणि ते सांगेपर्यंत गप्प बसतो.