नव्वद दिवस न उघडलेले फोटो

मी काय काम करते हे नातेवाइकांना सांगताना माझी दमछाक होते. क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत बसून मी संगणकातल्या एका नोकराला त्याच्या अवजारांची माहिती लिहून देते. हा नोकर माणूस नव्हे, एआय एजंट. कारखान्यांच्या फायली क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, साठवलेल्या असतात. तो त्या शोधतो, हलवतो, पुसतो. कोणतं अवजार कधी उचलायचं, हे त्याला मी लिहिलेल्या वर्णनावरूनच कळतं.

त्याआधी बरीच वर्षं मी माणसांसाठी यंत्रांची माहितीपत्रकं लिहिली. माणूस फार सोयीचा वाचक. शंका आली की शेजारच्याला विचारतो, नाहीतर कंटाळून काम उद्यावर ढकलतो. एजंट कंटाळत नाही. वाचलं की कामाला लागतो.

फायली पुसणाऱ्या अवजाराचं वर्णन मी एका ओळीत उरकलं होतं: 'वापरात नसलेल्या फायली पुसून जागा मोकळी करते, उदाहरणार्थ, नव्वद दिवसांत कुणीही न उघडलेल्या.' पुसलेलं परत येत नाही, हे लिहिलं नाही. आधी माणसाला विचार, हेही नाही. जेवणाची वेळ झाली होती आणि ओळ दिसायला नेटकी होती. मला माझ्या नेटक्या ओळींचा भारी तोरा होता. आज तेच वर्णन अकरा ओळींचं आहे.

माझे वडील तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होते. जुना कागद नष्ट करायचा तर ते आधी तो उघडून वाचायचे, मग साहेबांची सही घ्यायचे. "बाबा, रद्दीच आहे ना ती?" असं म्हणून मी त्यांना हसायचे.

वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारे प्रेस आहेत. हात आत जाऊ नये म्हणून प्रत्येक प्रेसला जाळी असते. कामाची पाळी सुरू होताना ऑपरेटरनं त्या जाळीचा फोटो टॅबवर काढायचा, अशी तिथली रीत. फोटो आपोआप क्लाउडवरच्या साठ्यात जायचा आणि कारखान्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर त्या मशीनसमोर हिरवी खूण उमटायची. खूण उमटली की तपासणी झाली. फोटो बघायची गरज कुणाला पडत नव्हती.

तिथल्या एका ऑपरेटरचा हात प्रेसमध्ये गेला. त्याचे उपचार, घरी पडून राहणं, यात पाच महिने गेले. दरम्यान साठा भरत आला म्हणून मॅनेजरनं एजंटला जागा मोकळी करायला सांगितली. एजंटनं माझी ओळ वाचली आणि जुने सगळे फोटो पुसले. जागा झाली, सगळ्यांना बरं वाटलं, मलाही.

मग एका दुपारी तो ऑपरेटर बिडकीनहून आमच्या ऑफिसात आला. फोटो आमच्याकडे असतात, असं त्याला कारखान्यात कुणी तरी सांगितलं होतं. 'तांत्रिक अडचण म्हणा आणि वाटेला लावा,' अशी मला आमच्या साहेबांची सूचना होती. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. त्यानं कप डाव्या हातात धरला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

"ताई, जाळी लई दिसांपासून तुटलेली व्हती," तो म्हणाला. "रोज फोटू टाकला म्या. आता म्हणत्यात, जाळी तूच काढली, भरपाई मिळणार नाय. तेवढे फोटू द्या."

"ते पुसले गेले."

"कुणी पुसले?"

तांत्रिक अडचणीचं वाक्य ओठावर आलं होतं. पण त्या हाताकडे बघून मला ते बोलण्याची शरम वाटली. "एजंटनं," मी म्हणाले. "माझी ओळ वाचून. नव्वद दिवसांत कुणी उघडले नाहीत ते पूस, असं मी लिहिलं होतं."

"कुणीच उघडले नाय?"

"नाही."

"एक बी?"

"एकही नाही."

त्यानं मला चार शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. त्यानं फक्त कप खाली ठेवला. "हिरवी खूण यायची ना," तो म्हणाला. "मला वाटायचं, बघत्यात."

पुसलेल्या फायलींची यादी तेवढी शिल्लक होती. साहेबांना न विचारता मी ती छापली: मशीनचा क्रमांक, तारीख, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला तेच, 'कधीही न उघडलेली'. खाली लिहिलं, की पुसण्याची ओळ माझी होती, आणि सही केली. आपण काहीतरी धीराचं करतोय, असं क्षणभर वाटलंही.

त्यानं यादीवरून करंगळी फिरवली. "जाळी तुटलेली व्हती, हे ह्यात कुठं दिसतंय?"

"ते नाही दिसत."

"मंग काय दिसतंय?"

"तुम्ही रोज फोटो टाकला," मी म्हणाले, "आणि कुणी बघितला नाही."

त्यानं मान हलवली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "घडी घालून खिशात ठेवा, ताई. एका हातानं व्हत नाय."

मी कागदाची घडी घातली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.