चिंध्यांची वही

नाना गेल्याचा निरोप इस्पितळातून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाला डिंडोलीच्या आमच्या खोलीपर्यंत धावत आला, तेव्हा मी एक पत्रक तपासत होते. त्याला आता दीड महिना झाला... नाना माझे थोरले काका. भेस्तानच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. ग्राहकाने आणलेल्या तुकड्यासारखाच रंग कापडाला चढवायचा, याला मिलमध्ये मॅचिंग म्हणतात. त्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता.

साखरेचा आजार निघाला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरबेननी त्यांना काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली आणायला लावली. द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही; हिरवं, पिवळं, नारिंगी म्हणजे चढत गेलेली, विटकरी म्हणजे फार. रोजचा रंग वहीत लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. नानांना लिहिण्याचा कंटाळा. ते मिलमधल्या चिंध्यांतून तुकडा निवडून टाचणीने वहीत लावत. काकू ओरडायच्या, "माझ्या भाकरीशेजारी तुमचा हा काढा नको!"

चार महिने वही निळीशार. तरी पायाची जखम भरेना, नजर अंधूक व्हायला लागली. रंग जुळवणाऱ्याचे डोळे गेले तर त्याच्याकडे उरतं काय? मला यात डॉक्टरचीच लबाडी दिसली, मी पेटले. कामगारांची पत्रकं वाचतच वाढलेली मी. डॉक्टर गरिबाला कसे फसवतात यावर एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि ते पिशवीत घालूनच नानांबरोबर दवाखान्यात गेले.

डॉक्टरबेननी पानं उलटली, तुकडे बोटांनी चाचपले. "काका, हे सगळे एकाच थानातले, एकाच ताग्यातले आहेत. साचुं बोलो, खरं सांगा."

नाना चपलेकडे बघत राहिले. "बेन, निळं चांगलं असं तुम्हीच सांगितलं. तुम्ही सँपल दिलं, मी मॅचिंग करून आणलं."

नळीत रोज विटकरी येत होतं. बाई हसल्या, मग वही नानांपुढे सरकवली. "उलटं झालं, काका. शेड तुम्ही आणायची. गोळीचं मॅचिंग मी करायचं."

परतताना रिक्षात नाना म्हणाले, "शैले, ते छापू नको. खोटं मी बोलनू, बेननी नही." मी मिलमालकाचं नाव काढलं, तर म्हणाले, "त्यावर लिही ना! बारा तासांत धड जेवायला देत नाही. ते खरं शे."

पुढची वही रंगीबेरंगी झाली. नुसत्या चहा-बिस्किटांवर मिलची पाळी काढलेला दिवस विटकरी, वेळेवर भाकरी खाल्लेला दिवस हिरवा. बाई ती वही वाचून गोळ्यांच्या वेळा पाळीप्रमाणे बदलत. पुढे इन्सुलिनची सुई टोचायला त्यांनी काकूंना शिकवलं. जखम भरली. गेलेली नजर परतली नाही, पण उरलेली टिकली. नानांनी आणखी सहा वर्षं रंग जुळवले. शेवटी हृदयानेच साथ सोडली... आणि मी? जेवणाच्या सुट्टीवर पत्रक लिहिलं, छापण्याआधी प्रत्येक ओळ नानांना वाचून दाखवली.

परवा काकूंनी फडताळातून वही काढली. शेवटचा तुकडा नारिंगी. त्यांनी शिवणाच्या डब्यातून एक निळी चिंधी शोधली, टाचणी उचलली. "शेवटला एक चांगला लावू का गं?"

मला हो म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं.

काकूच थांबल्या. "नको. ओळखतील ते," म्हणाल्या, आणि टाचणी डब्यात ठेवून त्यांनी वही मिटली.