मंगळवारची तीन वाजताची ओपीडी

हॉस्पिटलात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, कापसाचे बोळे आणि किस्से! बोळे निदान कचऱ्यात जातात, किस्से मात्र डोक्यात साचत राहतात. रिटायर व्हायच्या आत थोडे रिकामे करते.

आमचं हॉस्पिटल नवीन पनवेलमधलं, तसं छोटंच. तिथल्या बालरोगतज्ज्ञ मुकादम मॅडम दर मंगळवारी दुपारी तीनला कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि डोंगराकडच्या आठ वाड्यांतल्या आशाताई मोबाईलवरून जोडल्या जायच्या. वाडीत कमी वजनाचं बाळ जन्मलं, तर ते जगलं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. शिकवायच्या मॅडम. वायरी, हजेरी आणि आरडाओरडा माझ्याकडे!

*

पहिल्याच मंगळवारी स्क्रीनवर सात चेहरे आले आणि आठव्या चौकोनात एक कान. त्या वाडीच्या हौसाताईने फोन नेहमीसारखा कानाला लावला होता. मी ओरडून ओरडून थकले, तरी कान हलेना.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, राहू दे. हौसाताई, कानात मळ फार आहे गं. आज तिथूनच सुरुवात करू या!"

*

कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, याला म्हणतात कांगारू केअर. मॅडमनी कौतुकाने कांगारूचा फोटो दाखवला.

मग हौसाताई म्हणाली, "मॅडम, ह्ये जनावर आमच्या रानात नाय. कोंबडी हाय. ती पण पिल्लं पोटाखालीच घेते."

त्या दिवसापासून आमच्याकडे 'कोंबडी केअर' सुरू झालं. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा पोल्ट्रीचा प्रोग्राम आहे का?" मॅडम म्हणाल्या, "हो सर, पिल्लं जगतायत!"

*

बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला त्याचे श्वास मोजावे लागतात, आणि तेही पूर्ण एक मिनिट. एका मंगळवारी मॅडमनी सगळ्यांना आपापल्या वाडीतलं बाळ समोर घ्यायला सांगितलं. मी तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेले होते. परत येऊन बघते तर कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही, मॅडमसुद्धा घड्याळाकडे बघत पुतळ्यासारख्या. मला वाटलं, कॉम्प्युटर अडकला. दिलं बटण दाबून!

पुन्हा जोडणी झाली तेव्हा हौसाताई पहिली बोलली. "पन्नास सेकंद झाले होते, सिस्टर! श्वास पोरांचे चालले होते, तुमीच आमचे बंद केले!"

मॅडम तो चहा मला न देता दोन्ही कप प्यायल्या.

*

मॅडम प्रेमळ खऱ्या, पण चिडल्या की भान राहत नसे. हौसाताईने एक बाळ पनवेलला आणलं, तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. बाळ वाचलं, पण मॅडमनी तिला सगळ्यांदेखत झापलं. "इतका उशीर? मग मी शिकवते कशाला?"

गाडी न मिळाल्याने हौसाताई बाळाला पोलक्यात घेऊन दोन तास चालत डांबरी रस्त्यापर्यंत आली होती, हे दुसऱ्या आशाताईने नंतर सांगितलं. मॅडम आठवडाभर नीट जेवल्या नाहीत, हे मी डब्यावरून सांगते.

मंगळवारी आठही चौकोनांसमोर त्या म्हणाल्या, "हौसा, बेटा, मी चुकले. माफ कर."

"मॅडम, आवाज तुटतोय. परत बोला."

मॅडमनी परत सांगितलं.

"अजून जरा मोठ्यानं!"

तिसऱ्यांदा त्या अक्षरशः ओरडल्या. आमची रेंज त्या दिवशी फुल्ल होती! मी मात्र मुकाट्याने वायरी तपासल्यासारखं केलं.

*

आणि हा शेवटचा. हौसाताईच्या वाडीतली एक तान्ही मुलगी आमच्याकडे तीन आठवडे राहून घरी गेली. वजन जेमतेम पावणेदोन किलो. बाप दूर वीटभट्टीवर. घरी गेल्यावर आईला तापाने धरलं. औषध चालू होतं, ती अंगावर पाजायचीही, पण दिवसभर छातीशी धरायचं तिच्यात त्राण नव्हतं. दोन दिवस हौसाताईने स्वतः धरलं. पण तिलाही बाकीची घरं होती, आणि ऊब तुटली तर ही मुलगी हातची जाणार, हे आम्हां सगळ्यांना कळत होतं.

मंगळवारी हौसाताईने विचारलं, "मॅडम, बाईमाणूसच लागतं का?"

"ऊब लागते. कुणाचीही चालेल. अंघोळ केलेली हवी, खोकला नको, विडी तर अजिबात नको."

पुढच्या मंगळवारी तीन वाजता हौसाताईचा चौकोन उघडला. शाळेच्या ओट्यावर मुलीला पाळीपाळीने छातीशी धरणारे पाच पुरुष ओळीने बसलेले, सगळे अंघोळ करून, सदरे काढून. जप्त केलेल्या विड्यांची बंडलं हौसाताईच्या पिशवीत. तिने मुलीचं वजन सांगितलं, दीडशे ग्रॅमने वाढलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

मुलगी तेव्हा ओळीतल्या शेवटच्या माणसाकडे होती, तिच्या आज्याकडे. बरगड्या मोजून घ्याव्यात असा म्हातारा. फडक्याने बांधलेल्या नातीवर दोन्ही हात ठेवून तो हलतही नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बाबा, फार छान धरलंय. काही विचारायचंय?"

म्हातारा नातीकडे बघतच म्हणाला, "डागतरबाय, हिचा कान माज्या काळजावर हाय. माजं काळीज लय जुनं झालंय. हिला पुरंल ना?"